कॅनडाची गाडी चिकनच्या गोदामात

२००८च्या मंदीत दुबईतल्या अर्धवट इमारती जिथल्या तिथे थांबल्या, आणि लिफ्टचे सुटे भाग विकणाऱ्या आमच्या कंपनीत दोनच माणसं उरली. मुंबईचे गुजराती साहेब आणि मी.

एके दिवशी साहेब म्हणाले, "आता आपण कॅनडाला इलेक्ट्रिक गाड्या विकायच्या."

भारतातल्या एका कारखान्याने नमुन्याला दोन सीटची इवलीशी गाडी पाठवली. कॅनडाच्या गिऱ्हाइकाचा प्रश्न एकच होता: उणे अठरा अंशांत ती चालते का?

ऑगस्ट महिना होता. बाहेर पंचेचाळीस अंश.

"त्यात काय! माझ्या मित्राचं फ्रोझन चिकनचं गोदाम आहे," साहेब म्हणाले.

घरी स्वेटर मागितला तर बायको माझ्या कपाळाला हात लावून ताप बघू लागली. शेवटी तिने बॅगेच्या तळातून माकडटोपी शोधून दिली. ती घातल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, यू लुक लाइक अ बँक रॉबर."

गोदामात फोर्कलिफ्ट चालवणारे चिपळूणकडचे पन्नाशीचे गृहस्थ होते. गाडी सकाळपासून आत गारठत ठेवलेली. मी बसताना त्यांनी शांतपणे रस्ता सांगितला, "चिकनपासून सरळ जा, मटारला उजवीकडे वळा."

गाडी चालली! मी दोन फेऱ्या मारल्या आणि ऐटीत हीटर लावला. दिवे मंदावले. मटारच्या अलीकडे गाडी थांबली ती थांबलीच. दार ढकललं, ते गोठलेलं. गोदामाच्या काचेच्या खिडकीपलीकडे साहेब उभे होते. मी दोन्ही हात हलवून मदत मागितली. त्यांनीही आनंदाने हात हलवला आणि फोटो काढला.

चिपळूणकरांना मात्र कळलं. "अहो, हलू नका!" असं ओरडून त्यांनी माझ्यासकट गाडी उचलली आणि तशीच उन्हात आणली. अधांतरी, माकडटोपीत, चष्म्यावर वाफ धरलेली, असा मी बाहेर आलो. दारावरच्या पठाण वॉचमनने विचारलं, "खलास?"

मी रिपोर्ट लिहिला: हीटर लावल्यास गाडी थांबते, दार उघडत नाही.

"जरा पॉझिटिव्ह लिही ना," साहेब म्हणाले.

"साहेब, तिकडे कोणी आत अडकला, तर उचलायला चिपळूणचा माणूस कुठून आणणार?"

त्यांनी अक्षरही न बदलता रिपोर्ट पाठवला. कॅनडावाल्याने आभार मानले. हीटर सुधारा, मग बोलू, म्हणाला. कारखान्याने हीटर सुधारण्याऐवजी ती गाडीच बंद केली. पुढे आमची कंपनीही.

मला अबूधाबीकडच्या रुवैसला नोकरी लागली. निघायच्या आधी साहेबांनी चहाला बोलावलं. मंदीचं, मुलांचं बोलून झालं. मग हळूच विचारलं, "पण गाडी अर्धा तास तरी चालली होती ना रे?"

"अकरा मिनिटं."

"अकरा म्हणजे तसं वाईट नाही," ते म्हणाले, आणि मलाही त्या क्षणी ते अगदी पटलं.