दोन डब्यांचं व्याकरण

मोरेदादा गेल्याचं वहिनींनी फोनवर सांगितलं तेव्हा मी इथे आखातात, कुरुमच्या ऑफिसात होतो. आधी काहीच वाटलं नाही... मग राग आला. भांडण अर्धवट टाकून माणूस निघून गेला, याचा राग.

आम्ही दोघंही इंजिनिअर, दोघंही बौद्ध. नव्वदच्या दशकात आमच्या साइटवर हाँगकाँगचे लाऊ नावाचे सर्व्हेअर होते. ते बौद्ध सूत्रं कँटोनीजमध्ये म्हणत. ती समजावीत म्हणून आम्ही ती भाषाच शिकायला घेतली. दर शुक्रवारी दार्सैतला दादांच्या घरी बसायचं, लाऊंकडून मिळालेले शब्द कार्डांवर लिहायचे आणि बिस्किटांच्या दोन डब्यांत टाकायचे. एकात क्रियापदं, दुसऱ्यात विशेषणं. पण या भाषेत ‘उंच’, ‘लठ्ठ’ हे शब्दही ‘आहे’शिवाय वाक्य पुरं करतात, अगदी क्रियापदासारखे. “मग दोन डबे कशाला? एकच ठेव, खलास,” दादा म्हणायचे. मी हट्टाला पेटायचो. शब्दाआधी ‘फार’ या अर्थाचा ‘हौ’ लावून बघा, नंतर ‘चालू आहे’ दाखवणारा ‘गान’ लावून बघा; विशेषण ‘हौ’ घेतं, क्रियापद ‘गान’, फरक कळेल... दहा वर्षं हा वाद चालला. दादा मला ‘डबेवाला’ म्हणून चिडवत, आणि मला ते आवडायचं.

मग एकदा सुट्टीवरून येताना ते छापलेलं पुस्तकच घेऊन आले. दोन डब्यांची दोन प्रकरणं, माझे मुद्दे, माझी उदाहरणं. मुखपृष्ठावर एकटे दादा. आभारात मी होतो, ‘चहाला सोबत केल्याबद्दल’.

“दादा, माझं नाव?”

“अरे, घरच्या माणसाचं नाव कशाला लागतं?”

घरच्याच माणसानं केसानं गळा कापला होता. त्यानंतर मी त्यांच्याकडे गेलो नाही.

दादांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, दुसरी एडिशन निघतेय. प्रूफ तुम्हीच बघा ना. नाव मात्र त्यांचंच राहू दे.” पुस्तकात माझं काय होतं, ते त्यांना ठाऊकच नव्हतं. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणून बसलो.

गेले तीन शुक्रवार दादांच्या टेबलाशी बसतोय. परवा विशेषणांच्या यादीत ‘आवडणं’ सापडलं. त्यालाही ‘हौ’ लागतो, पण ते कर्म घेतं, म्हणजे आहे क्रियापद. हा शब्द आमच्या कार्डांत नव्हता. छापायच्या घाईत त्यांनी एकट्यानं भरलेला. माझ्यावाचून अडलं, हे दादांनी कधी कबूल केलं नाही. त्या एका ओळीनं केलं होतं. बराच वेळ पेन हातात धरून बसलो. मग ती ओळ खोडली आणि क्रियापदांत नेली. आता पुस्तक निर्दोष आहे, आणि आभारातल्या चहापलीकडे त्यात मी कुठेच नाही.