आमच्या क्लिनिकमधलं 'बरं हाय'

आमच्या रजिस्टरमध्ये पेशंटचं नाव, गाव आणि सेशनचा नंबर एवढंच मावतं. बाकीचं सगळं माझ्या डोक्यात साठतं, आणि ते आता उतू चाललंय! बारामतीतल्या एका मानसोपचार क्लिनिकमध्ये मी टेक्निशियन आहे. डिप्रेशनच्या पेशंटच्या कपाळावर मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज बांधायचे आणि अर्धा तास मंद करंट सोडायचा, हे माझं काम. त्याआधी तारांची टोपी घालून मेंदूचा आलेख काढते. त्यावरून कॉम्प्युटर अंदाज सांगतो, करंटचा गुण कुणाला येईल आणि कुणाला नाही.

*

लोणी भापकरचे एक तात्या करंटचं नाव ऐकताच खुर्चीत सावरून बसले.

"सिंगल फेज का थ्री फेज?"

"बॅटरीवर आहे, तात्या."

"मग लावा! लाईट जायाचं भ्याव न्हाय!"

*

टोपीसाठी केसांना तेल चालत नाही. पण दवाखान्यात जायचं म्हणून लोक हमखास चापून तेल लावून येतात! अंथुर्ण्याच्या एका अण्णांना मी दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा ते डोक्याचा चकोट करूनच आले.

"आता काढा काय काढायचं ते! पन गावात जो तो इचारतोय, कोन गेलं म्हनून!"

*

सगळ्यात अवघड आमची प्रश्नावली. झोप? "बरं हाय." भूक? "बरं हाय." जगावंसं वाटतं का? "बरं हाय." नवीन असताना मी भराभर मार्क लावले आणि पहिल्याच आठवड्यात सगळे पेशंट बरे करून टाकले!

डॉक्टर मॅडम कागद बघून म्हणाल्या, "अगं, आपल्याकडं माणूस सलाईनवर असला तरी बरं हायच म्हणतो!"

*

निरवांगीच्या सुलोचनाकाकू आल्या तेव्हा त्यांचीही वेणी तेलानं निथळत होती, आणि वाकडीतिकडी. ती त्यांच्या नवऱ्यानं, आबांनी घातली होती.

"वरीस झालं, कुनावर वरडली न्हाय ओ," आबा म्हणाले. "आदी गल्ली दणाणायची. आता घरात भांडंबी वाजत न्हाय."

दुसऱ्या दिवशी केस धुऊन आल्यावर आलेख काढला. कॉम्प्युटर म्हणाला, आशा कमी. मॅडमनी आबांना ते स्पष्ट सांगितलं. "हा अंदाज आहे, आबा. करून बघायचं का?"

"बघायचं."

मी स्पंज भिजत घातले.

स्पंज बांधताना रोज थोडं पाणी काकूंच्या कानाकडं ओघळायचं. मी सॉरी म्हणायची, त्या म्हणायच्या, "बरं हाय." अठरा दिवस हेच.

एकोणिसाव्या दिवशी पाणी ओघळलं आणि खोली दणाणली!

"ए बाई! कानात पानी गेलं की! डोळं हायती का बटनं?"

मॅडम केबिनमधून धावत आल्या. "काकू, कसं वाटतंय? बरं आहे ना?"

"कशाचं बरं! ही रोज कानात पानी वतती, आन् तुमी नुसतं बगता व्हय?"

मला तर तिथंच नाचावंसं वाटलं! बाहेरच्या बाकावरून आबा उठून दारात आले आणि त्यांनी मला दोन्ही हात जोडले.

"ताई, आनखी थोडं सांडा की!"