नाईकांच्या खांबावरची साडी

एकदा मी चक्क एका राजाच्या डोक्यावर ओली साडी वाळत घातली होती. काल चोपड्याच्या बाजारात मोहाच्या फुलांचा गोडसर, आंबूस वास आला आणि तसाच वास भरलेला तो पाडा डोळ्यांपुढे उभा राहिला.

मी नवीकोरी नर्सबाई. वय बावीस, अक्कल त्याहून कमी. सातपुड्यात पोरांना लस टोचायला निघाले आणि नाल्यात घसरून चिंब भिजले. पाड्यावर साडी बदलली. अंगणापलीकडे घोडेस्वार कोरलेला लाकडी खांब होता. शेंदूर दिसला, पण मला वाटलं, रंग असेल! साडी टाकून वळले, तर सगळा पाडा माझ्याकडे बघतोय. बायांनी पोरं पोटाशी ओढलेली.

"बाई, ते आमचे नाईक आहेत," कोणीतरी कुजबुजलं.

एकेकाळी हा डोंगर ज्यांच्या शब्दावर चालायचा, ते राजे! ते गेल्यावर त्यांच्या नावाने उभारलेला हा खांब. आता एकही पोर कोणी माझ्या हाती देणार नव्हतं.

नाईकांची म्हातारी बायको काठी टेकत आली. तिने खांबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "जित्ता व्हतात तवय यासनी मना लुगडाले कधी हात लाया नही, आनि आते तुनं वाळाडी ऱ्हायनात!"