सायबाच्या बांधावरचं गाऱ्हाणं

आमच्या घराण्याला भूत आहे आणि ते इंग्रज आहे, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. बाकीच्यांच्या वाट्याला गावठी देवचार आले, आमच्या वाट्याला गोरा साहेब. लहानपणी मी त्याची शेखीच मिरवायची.

आमचा गाव मालवणजवळचा, खाडीला लागून. शेतात खारं पाणी शिरू नये म्हणून काठाने मातीचा बांध घातलाय, त्याला सगळे सायबाचो बांध म्हणतात. मिठावर सरकारचा कर होता तेव्हा काठावर साचलेलं मीठ खरवडून नेणंसुद्धा गुन्हा होता. आमच्या लोकांनी तो गुन्हा मुद्दाम करायला घेतला. त्यांना पकडायला आलेला साहेब संध्याकाळचा बांधावरून घसरला, बुडाला आणि हॅट-कोटासकट तिथेच राहिला, अशी गोष्ट. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. पण तिन्हीसांजेला त्या बांधावरून एकटी जाणार नाही, हेही सांगून टाकते.

दरवर्षी भात घरात आलं की माझे आजोबा साहेबाला राखण, म्हणजे वर्षभर राखल्याबद्दलचा मान, द्यायचे. देवचाराला कोंबडा-नारळ देतात. साहेबाला नारळाबरोबर पाव, उकडलेली अंडी, सोड्याची बाटली आणि पेटवलेली सिगारेट. घरातला कर्ता पुरुष गाऱ्हाणं घालतो, म्हणजे मोठ्याने मागणं मागतो, आणि दर मागण्याला मागे उभे असलेले 'व्हय म्हाराजा' म्हणतात. होकार मिळाला नाही तर गाऱ्हाणं पोचत नाही. मग मागे वळून न बघता घरी यायचं. इंग्रज गेले, आजोबा गेले, पण साहेबाचा पाव काही चुकला नाही. स्वातंत्र्य मिळालेल्या देशात आम्ही साहेबाकडे पोराबाळांची राखण मागत होतो, आणि त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. मलाही नाही.

आजोबा अळणी जेवायचे. त्यांची आमटी-भाजी मीठ घालायच्या आधीच वेगळी काढून ठेवावी लागे. कसला तरी नवस असेल, असं आई म्हणायची. घरात कुणी हॅट घातलेलीही त्यांना खपत नसे. माझा चुलतभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, एकदा मुंबईहून आलेली गोल काठाची टोपी घालून खळ्यात उभा राहिला. आजोबा ओरडले नाहीत. मटकन खाली बसले. ती टोपी मग कुणाला दिसली नाही.

आजोबांना एक थोरला भाऊ होता. मुंबईत एका साहेबाकडे बटलर होता, मिठाच्या वर्षी गावी आला, आगबोटीने परत गेला आणि पुढे परागंदा झाला, एवढंच आम्हाला सांगितलेलं. त्याची मुलगी ती माझी आत्या. बाप गेला तेव्हा ती पोटात होती. तिची आई मरेपर्यंत कपाळभर कुंकू लावून राहिली. आत्या जवळच्याच कट्टा गावी मास्तरीण होती, तिथेच राहते. तिच्या तोंडाला लागण्यापेक्षा एसटी चुकलेली बरी, असं आम्ही म्हणायचो.

दोन-तीन वर्षांपूर्वी माझे शेवटचे काका, दादाचे वडील, वारले. त्या वर्षी म्हाळाला, म्हणजे पितृपक्षातल्या श्राद्धाला, आत्या आली. तेव्हा ती नव्वदीच्या पुढे होती. पितरांची नावं घेऊन झाली, पानं वाढली, पण आत्याने पानाला हात लावला नाही. काय झालं म्हणून दादाने विचारलं.

"माझ्या बापाशीचा नाव घेवक नाय तुमी," ती म्हणाली.

परागंदा माणसाचं श्राद्ध कसं घालणार, असं दादा म्हणाला. तेव्हा ती सांगायला लागली. आजोबांचे मुलगे हयात असेपर्यंत तोंड उघडायचं नाही, असा तिने आईला शब्द दिला होता. शेवटचा मुलगा आता गेला होता.

तिचा बाप मुंबईला परत गेलाच नव्हता. येताना त्याने धन्याची जुनी हॅट आणि कोट आणला होता. दिवस मावळायला तो ते घालून, हातात काठी घेऊन, बांधावर फेऱ्या मारी. मिठावरचे शिपाई लांबून बघत. इथे खुद्द साहेब आहे म्हणजे आपलं काम नाही, म्हणून दुसऱ्या काठाला जात. तेवढ्यात गावच्या बायका पाट्या भरभरून मीठ उचलत. बोभाटा नको म्हणून हे फक्त त्या बायकांना ठाऊक. धाकट्या भावालाही सांगितलं नव्हतं, कारण धाकटा तापट, कुठे बोलून बसेल याचा नेम नाही. तो धाकटा आपले सोबती घेऊन खऱ्या साहेबावर टपून बसला होता. एका संध्याकाळी बांधावर हॅट दिसली. पहिला दगड त्यानेच मारला.

ओहोटीला प्रेत मिळालं तेव्हा त्याने भावाला ओळखलं. पोलिसांना कळतं तर अख्खी वाडी तुरुंगात जाती, मीठ उचलणाऱ्या बायकांसकट. गुपचूप अग्नी दिला. माणूस मुंबईला गेला असं ठरलं, आणि ज्यांनी हॅटवाल्याला पडताना बघितलं होतं त्यांना साहेब बुडाला म्हणून सांगितलं. बायकोला कुंकू पुसायचीही चोरी झाली.

मला आधी राग आला, मग रडू. हे चारचौघांत बोललं तर आजोबा खुनी ठरतील, आणि मेलेला माणूस आता काय जाब देणार, एवढंच दादा म्हणाला.

"तेका खुनी म्हणा नकात," आत्या म्हणाली. "पण माझ्या बापाशीक सायब म्हणतास, तां बंद करा. माझ्या डोळ्यादेखत एकदा तेका तेच्या नावान हाक मारा. मगे मी मराक मोकळी."

जाताना तिने आणखी एक सांगितलं, की तो विडीकाडी कधी ओढत नसे.

त्यानंतर त्या बांधाची मला जास्तच भीती वाटायला लागली. साहेबाची भीती परक्याची होती. हा तर घरचा. परक्याच्या नावाने मारलेल्या हाकेला ओ देत, आमची शेतं राखत, इतकी वर्षं तिथे उभा. आता पुरे, हॅट काढ, असं त्याला कुणी म्हटलंच नव्हतं. संध्याकाळ झाली की मी त्या बाजूची खिडकी लावून घेई.

भात घरात आलं. दादाने हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही. आत्याला कट्ट्याहून रिक्षाने आणली आणि खुर्चीत बसवून बांधापर्यंत नेली. आम्ही बायका नेहमीसारख्या मागे उभ्या राहिलो. दादाने पानावर नारळ ठेवला, पाव ठेवला, अंडी ठेवली. सिगारेट आणलीच नव्हती, ते बघून माझा जीव थोडा भांड्यात पडला. त्याने हात जोडले, सवयीने "सायबा" म्हणाला आणि अडला. मग त्याने थोरल्या आजोबांना त्यांच्या नावाने हाक मारली. ते नाव मी इथे लिहीत नाही. ते त्यांच्या मुलीसाठी घेतलं होतं.

"माझ्या आज्यान तुका दगड मारल्यान," दादा म्हणाला. "वळखल्यान नाय. तो मरासर अळणी जेवलो. तेका माफ कर रे म्हाराजा."

कुणी काही बोलेना. एरवी आम्ही सवयीने होकार देऊन मोकळे होतो, पण या मागण्याला 'व्हय' म्हणायचा हक्क आमचा कुणाचाच नव्हता. बांधाला पाणी लागत होतं, तेवढाच आवाज. दादा हात जोडून तसाच उभा.

"व्हय म्हाराजा," खुर्चीतून आत्या म्हणाली.

मग आम्ही सगळ्यांनी म्हटलं.

परतताना दोघांनी तिची खुर्ची उचलली. चार पावलं गेल्यावर तिने थांबायला सांगितलं आणि मान वळवून बांधाकडे बघितलं. मागे बघायचं नसतं, असं तिला कुणी म्हटलं नाही. बाप म्हणून जन्मात कुणाला हाक मारली नव्हती तिने.

"येतंय हां, बाबा," ती म्हणाली.