तीनशे अकरा सुनांची माहेरं

फ्रीगंजच्या आमच्या ऑफिसात सुलभा कित्येक वर्षं माझ्या शेजारी बसते. वय चौपन्न, मान आखडलेली, डोळ्यांत सदा ड्रॉप्स. इथल्या राम घाटावर यजमानांच्या पिढ्या लिहून ठेवणाऱ्या पंड्यांच्या वह्या, म्हणजे कोण कुणाचा मुलगा, कोण कुणाची सून, कम्प्युटरवर एक्सएमएल फाइलमध्ये उतरवायच्या आणि त्यातून घराघराची वंशावळ काढायची, हे आमचं काम. आठ महिने झाले. जीव नुसता मेटाकुटीला आलाय.

दर नावासाठी सगळी फाइल धुंडाळली तर कम्प्युटर रडतो, म्हणून सुलभानं ‘की’, म्हणजे नावांची शोधसूची, बांधली. सुनेचं नाव दिलं, की तिच्या माहेरची नोंद झटकन समोर. बाई हुशार, यात वाद नाही. पण मंगळवारी यादी काढली तर तीनशे अकरा सुनांना माहेरच नाही! नाव सापडलं नाही म्हणून ती ‘की’ ओरडतही नाही, गुपचूप जागा रिकामी सोडते.

सुलभानं कपाळावर हात मारला. “अगं, आपल्या मराठी घरांत लग्नात नाव बदलतात! माहेरच्या वहीत एक, सासरच्या वहीत दुसरं. एवढं कसं सुचलं नाही मला?”

साहेब म्हणाले, “जो नहीं मिल रही, हटा दो. शनिवार को डिलीवरी है.”

“हटा दो म्हणजे? बायका आहेत त्या!” सुलभा तडकली. शेवटी ठरलं, शनिवारपर्यंत जिचं माहेरचं नाव मिळेल ती राहील, बाकीच्या जातील.

प्रत्येकीच्या नोंदीत दोन्ही नावं घातली, की कुठल्याही नावानं ती सापडणार. पण दुसरं नाव सांगणार कोण? दोघी घरोघरी फोन लावत बसलो. इथेच हिंदीत वाढलेली त्यांची मुलं म्हणायची, “माँ का? पता नहीं. मौसी से पूछना पड़ेगा.” मावशी वारलेली. शुक्रवार दुपारपर्यंत जेमतेम चाळीस झाल्या.

“आईचं नाव माहीत नाही, लाज नाही वाटत मेल्यांना!” सुलभानं फोन आपटला.

मीही वैतागले होते. म्हटलं, “तुझ्या अनयला तरी माहीत आहे का?”

“न माहीत असायला काय झालं!” तिनं तिथल्या तिथे मुलाला फोन लावून विचारलं, स्पीकरवर.

“माहेरचं? सुलभाच ना? आई, मीटिंगमध्ये आहे गं, नंतर बोलू?”

तिनं फोन ठेवला. त्या तीनशे अकरा जणींत तीही होती; तिनं स्वतःची नोंद उघडली आणि माहेरच्या नावाच्या जागी टाइप केलं: मीना.

“आई-आप्पा गेल्यावर या नावानं कुणी हाकच मारली नाही,” ती म्हणाली.

मला हे नाव आत्ताच कळत होतं. माझीच मला लाज वाटली.