बिनआवाजाचं कार्ड

न बांधलेल्या घरांची चित्रं करणं हा माझा धंदा. नागपूरचे बिल्डर नकाशे पाठवतात आणि मी आर्वीत बसून कॉम्प्युटरवर त्या घरांना भिंती, पडदे, सोफा आणि सोफ्यावर हसणारं कुटुंब देतो. हे सगळं ज्याच्या जोरावर होतं ते ग्राफिक्स कार्ड. काम लागलं की ते तापतं, आणि तापलं की त्याचे पंखे ओरडतात. माझ्या जुन्या कार्डाचे पंखे तर पिठाच्या गिरणीशी नातं सांगायचे.

मी लग्न केलं नाही. बरीच वर्षं एकटाच राहिलो. बाबा गेल्यावर आई वडनेरहून माझ्याकडे आली. तिकडे धाकट्या भावाचं घर पोरासोरांनी भरलेलं, तिचं तिथे काही अडत नव्हतं. पण थोरला एकटा आहे म्हणून आली. मला फार बरं वाटलं होतं. तसं मी तिला बोललो मात्र नाही.

उन्हाळ्यात आमच्याकडचं सगळं जगणं कूलरच्या खोलीत गोळा होतं. पण कूलरची हवा ओली, त्यात आमच्या बोअरचं पाणी खारं. ती हवा लागली तर कार्डावर पांढरा थर धरतो आणि मशीन कामातून जाते. म्हणून आई पुढच्या खोलीत कूलरसमोर आणि मी मधल्या खोलीत घाम पुसत, अशी वाटणी झाली. मधलं दार उघडं असायचं. कूलरच्या घरघरीतूनही कार्डाची भणभण तिच्यापर्यंत पोचायची.

दुपारी पडून उठली की ती दारात यायची.

"तुह्या मशीनीनं डोळा लागू देल्ला नाई. काऊन एवढी भणभणते ते?"

"तापते म्हणून."

"मंग तापू कायले देतं?"

"काम आहे ना."

ती उंबऱ्यावर जरा वेळ टेकायची, पडद्यावरच्या परक्या सोफ्याकडे बघायची आणि उठून जायची. रोज हेच. एके दिवशी म्हणाली, "मी आपली जातो वडनेरले. इथं झोप नाई होत मले."

ती गेली तर हे घर पुन्हा माझ्या एकट्याचं होणार होतं, आणि आता मला ते नको होतं. त्याच आठवड्यात बिनआवाजाचं कार्ड शोधायला नागपूर गाठलं.

महागडं, जास्त पंख्यांचं कार्ड घ्यावं की साधं, यावर लोक इंटरनेटवर एकमेकांची डोकी फोडतात. माझं मत विचाराल तर दोन्हींतली चिप तीच. वेगात फरक पडतो तो शोधावा लागेल इतकाच. जास्तीचे पैसे जातात ते धातूच्या जाड पत्र्यांना, मोठ्या पंख्यांना आणि डब्यावरच्या दिमाखाला. शिवाय कार्डातली गरमी कुठे नाहीशी होत नाही, ती खोलीतच येते. वैशाखात आर्वीच्या खोलीतली हवाच भट्टीची. तिथे पंखे कितीही लावा, त्या हवेपेक्षा कार्ड थंड होणार नाही. एक गोष्ट मात्र पैसे मोजून खरंच मिळते. मोठे पंखे सावकाश फिरतात, त्यामुळे आवाज होत नाही. दुकानदार म्हणाला, "चालू हाय का बंद, समजनारच नाई तुमाले." मला तेवढंच हवं होतं. घेतलं.

कार्ड म्हणजे नाकापेक्षा मोती जड. बसवल्यावर एका बाजूला झुकायला लागलं, तेव्हा आईच्या शिवणाच्या डब्यातली दोऱ्याचं रीळ खाली टेकू म्हणून दिलं. मग काम लावलं. कार्ड तापलं, पंखे फिरले, आणि खरोखरच काही ऐकू आलं नाही. मी स्वतःवरच खूश झालो.

दुपारी आई दारात आली. "बंद पडली का?"

"चालू आहे. आता आवाज येत नाही. तुझ्या झोपेसाठीच घेतलं."

तिने मशीनवर हात ठेवून पाहिला. "बरं केलं," म्हणाली आणि तिथेच उभी राहिली. मी चित्रातल्या खिडकीच्या पडद्याचा रंग बदलत होतो. थोड्या वेळाने ती पुढच्या खोलीत गेली. पुढच्या दिवसांत ती दारात यायची, बघायची, आणि काही न बोलता वळायची. मला वाटलं, तक्रार संपली, बाई सुखात आहे.

मग एका सकाळी तिची पिशवी भरलेली दिसली. दुपारच्या एसटीने जाते म्हणाली. मी चिडलोच. "आता तर आवाजही नाही. मग काऊन?"

ती लुगड्याची घडी करत राहिली. मग म्हणाली, "आवाज होता तं तुह्याशी बोलाले काई तरी होतं, बापू. आता मी काय बोलू?"

मी तिची पिशवी उचलली. डेपोपर्यंत सोडायला गेलो. खिडकीजवळची जागा मिळवून दिली. पाण्याची बाटली दिली. "पोचलीस की फोन कर," एवढं म्हणालो.

फोन आला. मागे पोरांचा गलबला, भांड्यांचा आवाज, भाऊ कुणावर तरी ओरडत होता. आई म्हणाली, "इथं तं डोळ्याले डोळा नाई लागत." तिचा सूर मात्र प्रसन्न होता.

मी धीर करून विचारलं, "मग येतेस का परत?"

"येतो न. तू बोलशीन का पण?"

"हो," म्हणालो.

ती वाट पाहत राहिली. मीही, पुढचं वाक्य सुचेल म्हणून. शेवटी तीच म्हणाली, "बरं, जेवून घेजो," आणि फोन ठेवला.