दादासाहेबांची कंबर

शिंपीकाकांच्या हाताला चाळीस वर्षांत कापड कधी फसलं नव्हतं. फसवलं ते ब्राउझरनं.

जुना ब्राउझर त्यांना सवयीच्या चपलेसारखा झाला होता. पण लेकीनं फोनवरून सुनावलं, “बाबा, त्याची दुरुस्ती होणं बंद झालंय. दार सताड उघडं टाकून झोपल्यासारखं आहे ते. आधी काढून टाका!”

काकांनी मुकाट्यानं तो काढला, नवा घातला. नवा दिसायला देखणा, पण काकांना ओळखच देईना. जुन्याला पासवर्ड पाठ होता. हा विचारत बसला, आपण कोण?

नेमकं त्याच दिवशी शाळेच्या गणवेशांचं काम अडलं होतं. पाचाच्या आत शाळेच्या पानावर होकार नोंदवला नाही, तर काम दुसऱ्या शिंप्याकडे. घड्याळात चार वाजून गेले होते. ‘पासवर्ड विसरलात का’ दाबलं, तर निरोप जायचा बंद पडलेल्या जुन्या नंबरावर.

काका मात्र मिशीत हसले. पासवर्ड त्यांनी मापांच्या वहीत लपवला होता, एका खोट्या गिऱ्हाइकाच्या नावानं. दादासाहेब : उंची, छाती, कंबर, बाही. चार मापं ओळीनं टाकली की झालं. चोराला काय कळणार, कप्पाळ!

वही उघडली, तर पान गायब.

“अगं, दादासाहेबांचं पान कुठाय?”

“कोटाला टाचलं होतं,” शिलाईवरून मान न उचलता काकू म्हणाल्या. “वहीत कुणी ताटकळलेलं मला बघवत नाही. उरलेल्या कापडात त्यांचा कोट बसवला. कोट झाला, पान केरात गेलं.”

काकांनी कपाळाला हात लावला. मग डोळे चमकले. खुंटीवरचा कोट काढून त्यांनी टेप लावली. उंची एकेचाळीस, छाती छत्तीस, कंबर सत्तावीस, बाही तेहेतीस.

चूक, म्हणाला ब्राउझर.

पुन्हा मोजलं, सुतासुतानं. पुन्हा चूक. आता एकच संधी उरली होती आणि पाचाला दहा मिनिटं.

काका काकूंसमोर स्टूल ओढून बसले. “खरं सांग, मापात काही चुकलंय?”

“माझ्याकडून? शिवणात?”

“बरं, चूक नाही. शहाणपण केलंस का काही?”

काकूंचा पाय मशीनवर थबकला. “कंबर सतरा लिहिली होती तुम्ही! छत्तीस छातीच्या माणसाची कंबर सतरा? म्हटलं, यांचा चष्मा बदलायला झाला. मी सत्तावीस धरली.”

काकांनी एका बोटानं चारही मापं पुन्हा टाकली, कंबर सतरा. शाळेचं पान उघडलं. होकार गेला. लगेच ब्राउझरनं विचारलं, हा पासवर्ड लक्षात ठेवू?

“नको रे बाबा,” काका म्हणाले. “तू आजच आलास, तू गप बस.” मग काकूंकडे वळले, “तेवढी कोटाची कंबर आत घे बघू. सतरा कर.”

“मुळीच नाही,” काकूंनी कोट पुन्हा दर्शनी खुंटीला टांगला. “आहे तशी राहू दे. चोर टेप घेऊन आला, तरी फसेल. दहा कमी करायचे, ते तुम्हाला आणि मलाच ठाऊक.”

काकांनी कोटाची कॉलर झटकली, जरा मागे सरकून बघितलं. कापड कुठेच फसलं नव्हतं.